चढ किती, उतार किती?

‘तीनच तर पायऱ्या आहेत!’ इमारतीच्या दाराकडं बोट दाखवून आपण किती सहज म्हणून जातो. धडधाकट माणसाला त्या पायऱ्या मोजाव्याही लागत नाहीत. पण ज्या घरात आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे, किंवा पक्षाघातानंतर वडिलांना चाकाची खुर्ची वापरावी लागते आहे, त्या घराला या तीन पायऱ्या पक्क्या ठाऊक असतात. लिफ्टनं तळमजल्यापर्यंत येता येतं. पण पुढं अंगणात, देवळात किंवा कट्ट्यावरच्या मैत्रिणींत जायचं, तर दोघातिघांनी खुर्ची उचलायला हवी. रोज कोण उचलणार? मग ‘राहू दे, आज नको’ असं आजी म्हणायला लागतात आणि बघता बघता वर्ष उलटतं.

शेवटी सोसायटीच्या सभेत विषय निघतो. ठराव होतो, वर्गणी जमते, गवंडी येतो आणि पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार बांधून होतो. सगळ्यांना चांगलं काम केल्याचं समाधान मिळतं. आणि पहिल्याच दिवशी लक्षात येतं की एकट्या माणसाला खुर्ची वर ढकलता येत नाही, आणि खाली येताना तर ती हातातून सुटायला बघते. सिमेंट चांगलं असतं, गवंडीही चांगला असतो. फक्त ‘उतार किती लांब हवा?’ हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. जेवढी जागा होती तेवढ्यात बसवला, एवढंच!

हा प्रश्न गणिताचा आहे आणि त्याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात ‘रेषेचा चढ’ या नावाखाली दिलेलं असतं. निर्देशक भूमितीच्या धड्यात मुलं ते सूत्र पाठ करतात, परीक्षेत दोन-तीन गुण मिळवतात आणि विसरून जातात. ‘याचा आयुष्यात काय उपयोग?’ असं त्यांनी विचारलं, तर आईवडिलांनाही उत्तर सुचत नाही. वाचकहो, आज त्याच सूत्राशी थोडी ओळख करून घेऊ. त्यासाठी वही-पेन्सिल जवळ घेतली तर उत्तम, नाहीतर मोजपट्टीवरही भागेल.

दोनच मापं

चढ मोजायला दोनच मापं लागतात. आपण आडवं किती पुढं गेलो हे पहिलं, आणि तेवढ्यात उभं किती वर गेलो हे दुसरं. उभ्या अंतराला आडव्या अंतरानं भागलं की मिळतो तो चढ. बस, एवढंच!

समजा, एक उतरती फळी आहे. तिच्या खालच्या टोकापासून जमिनीवर ४ फूट पुढं गेलो, तर तिथं फळी जमिनीपासून १ फूट उंच आहे. म्हणजे चढ झाला १ भागिले ४, म्हणजेच पाव. आता ८ फूट पुढं जाऊन मोजा. फळी सरळ असेल तर उंची बरोबर २ फूट भरेल. २ भागिले ८, पुन्हा पावच. मधल्या कुठल्याही दोन जागा घेऊन मोजलं तरी उत्तर पावच येणार. सरळ रेषेचं सरळपण याच गोष्टीत आहे. तिचा चढ सुरुवातीला एक आणि पुढं दुसरा असा बदलत नाही. जिथं तो बदलला, तिथं रेष वाकली म्हणून समजा.

यामागचं कारणही सोपं आहे. आडवं अंतर, उभी उंची आणि फळी मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. लहान अंतर घेतलं की लहान त्रिकोण, मोठं घेतलं की मोठा. पण दोघांचे कोन सारखे असल्यानं आकार तोच राहतो. अशा ‘समरूप’ त्रिकोणांत बाजूंचं प्रमाण बदलत नाही. घरातल्या छोट्या आणि मोठ्या पोळीचा गोल जसा सारखाच, तसंच हे.

आपल्या गवंडीकाकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. न्हाणीघराची लादी बसवताना ते जो ‘ढाळ’ देतात, तो म्हणजे चढच. साधारण ६० ला १ असा तो ठेवतात. ५ फूट म्हणजे ६० इंच, म्हणून ५ फुटांच्या न्हाणीघरात दारापासून जाळीपर्यंत लादी १ इंच खाली जाते. ढाळ याहून फार कमी झाला तर पाणी साचतं, फार जास्त झाला तर बादली हलते आणि पाय घसरतो. गच्चीला १०० ला १ च्या आसपासचा ढाळ पुरतो. उलट भिंतीला शिडी लावताना नियम असा की, शिडीचं टोक ४ फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून १ फूट दूर असावा. इथं चढ झाला ४. म्हणजे चढ हा अपूर्णांकच असतो असं नाही. उंची आडव्या अंतराइतकीच असेल तर चढ १, आणि तिचा कोन ४५ अंशांचा.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. रस्त्याच्या चढाचे आकडे पुष्कळदा टक्क्यांत दिलेले असतात. ‘चढ १० टक्के’ म्हणजे १०० मीटर पुढं जाताना १० मीटर वर. मग ‘१०० टक्के चढ’ म्हणजे भिंतीसारखा उभा कडा का? नव्हे. १०० पुढं आणि १०० वर, म्हणजे तो ४५ अंशांचाच चढ.

एका इंचाला एक फूट

आता आजींच्या तीन पायऱ्यांकडं वळू. प्रत्येक पायरी ६ इंच उंच धरली, तर तीन पायऱ्या मिळून १८ इंच होतात. चाकाच्या खुर्चीसाठी बांधायच्या उतरंडीचा चढ १२ ला १ याहून जास्त असू नये, असं जगभर मानतात आणि आपल्याकडच्या मार्गदर्शक नियमांतही हाच आकडा आहे. एका फुटात १२ इंच असतात, त्यामुळं हा नियम लक्षात ठेवायला फारच सोपा आहे. १ इंच वर चढायला १ फूट पुढं. १८ इंच चढायचं, तर उतार निदान १८ फूट लांब हवा. उंची जास्त असेल तर याहून सौम्य, म्हणजे १५ ला १ किंवा २० ला १ असा चढ ठेवलेला बरा. १५ ला १ धरला तर याच तीन पायऱ्यांना साडेबावीस फूट लागतील.

प्रत्यक्षात काय होतं? पायऱ्यांच्या पुढं वाहनं लावायची असतात, म्हणून उतार ५ फुटांत उरकला जातो. ५ फूट म्हणजे ६० इंच. १८ भागिले ६० केले की चढ येतो ०.३, म्हणजे सुमारे सव्वातीनला १. दिसायला उतारच, पण खुर्ची ढकलणाऱ्याला काय लागतं ते पाहा.

समजा, माणसाचं वजन ५४ किलो आणि खुर्चीचं १८ किलो. एकूण ७२ किलो. १२ ला १ चढावर ही खुर्ची वर न्यायला, चाकांचं घर्षण सोडलं तर, सुमारे ६ किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. ७२ चा बारावा भाग! भाजीची भरलेली पिशवी उचलण्याइतकंच ते काम. साठीच्या मुलीलाही आईची खुर्ची नेता येईल. पण ५ फुटांच्या त्या उतारावर हाच जोर सुमारे २१ किलोंवर जातो. खाली येताना तेवढ्याच जोरानं खुर्ची खाली ओढते आणि ती मागं धरून ठेवावी लागते. घरातल्या वयस्क माणसाचा हात तिथं निसटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. ६ आणि २१ या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे कुणाचीही वाट न पाहता बाहेर पडू शकणारी आजी आणि खिडकीत बसून राहणारी आजी यांच्यातला फरक आहे.

‘पण एवढी जागा कुठून आणायची?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर डोंगरातल्या वाटेनं फार पूर्वीच दिलेलं आहे. वाट सरळ कड्याला भिडत नाही, ती वळणं घेत जाते. उंची तीच, फक्त चालायचं अंतर वाढतं आणि चढ सौम्य होतो. उतारालाही वळवता येतं. ५ पायऱ्या म्हणजे ३० इंच चढायचे असतील, तर ३० फुटांचा एकच लांब उतार बांधण्याऐवजी १५ फूट जायचं, तिथं खुर्ची वळेल एवढा ५ फुटांचा सपाट चौथरा करायचा आणि पुन्हा १५ फूट उलट दिशेनं यायचं. २० फुटांच्या जागेत काम होतं. चौथऱ्यावर जरा दमही घेता येतो. दोन्ही बाजूंना धरायला कठडा आणि खाली खरखरीत फरशी, एवढं मात्र हवंच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात असं सांगतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा, एक दिवस ही खुर्ची आपल्याही घरात येऊ शकते, एवढी आठवण सोसायटीच्या सभेला पुरेशी असावी.

कर्जतला इंजिन का जोडतात?

मुंबईहून पुण्याकडं रेल्वेनं गेलेल्या प्रत्येकाला कर्जतचा बटाटेवडा आठवतो. तो खायला वेळ मिळायचा, याचं श्रेय चढाला आहे! कर्जतच्या पुढं बोरघाट लागतो. तिथं रुळांचा सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे. म्हणून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ मात्र हा घाट बँकरशिवाय चढते, कारण तिला ओढणाऱ्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत.

बोरघाटाचा हा मार्ग १८६३ साली सुरू झाला. त्या वेळच्या मापांनुसार घाटातल्या मार्गाची लांबी पावणेसोळा मैलांहून थोडी जास्त होती आणि तेवढ्यात तो १८३१ फूट चढत होता. आता आपणच चढ काढू. एका मैलात ५२८० फूट. लांबी झाली सुमारे ८३,७०० फूट. तिला १८३१ ने भागलं की उत्तर येतं ४६ च्या जवळपास. म्हणजे सबंध घाटाचा सरासरी चढ ४६ ला १. मग ३७ ला १ कुठून आला? कारण घाट ही एक सरळ रेष नाही. कुठं तो सौम्य आहे, कुठं सपाट आहे, तर कुठं कडक. सरासरी चढ पाहून इंजिन निवडलं, तर गाडी नेमकी कडक टप्प्यावर अडकेल! सरासरी आकडा खरा असूनही पुरेसा नसतो, हे इथं छान कळतं.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली तेव्हा अभियंत्यांनी ठरवून चढ १५० ला १ याच्या आत ठेवला. १००० टनांची गाडी धरा. ३७ ला १ चढावर तिला वर ओढायला सुमारे २७ टनांचा जोर लागतो, १५० ला १ वर सातही लागत नाही. त्या सौम्य चढासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्वदहून अधिक बोगदे खोदावे लागले आणि दऱ्यांवरून उंच पूल न्यावे लागले. डोंगर चढायचा नाही, तर तो पोखरायचा! चढ कमी करायची किंमत कुठं तरी मोजावीच लागते.

आणि दुसरं टोक पाहायचं तर उटीला जायला हवं. निलगिरीच्या छोट्या गाडीचा मार्ग १८९९ मध्ये मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचला. २००५ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात तिचा चढ सव्वाबाराला १ इतका कडक होतो. गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाकं एवढ्या चढाला फिरत राहतील पण गाडी पुढं सरकणार नाही, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दात असलेली पट्टी बसवली आहे. इंजिनाचं दातेरी चाक त्या दातांत अडकून गाडी वर चढवतं. आता गंमत पाहा, चाकाच्या खुर्चीला आपण जो १२ ला १ चढ देतो, तो या गाडीच्या सर्वांत कडक चढाएवढाच आहे! म्हणजे तो काही फार लाडाकोडाचा सौम्य चढ नव्हे. त्याहून कडक उतार बांधून ‘आम्ही सोय केली’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

चौकटीच्या कागदावर

आता मुलांच्या पुस्तकाकडं येऊ. रने देकार्त या फ्रेंच विद्वानानं १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली. त्यातूनच पुढं आपली निर्देशक भूमिती उभी राहिली. कागदावर एक आडवी रेष घ्यायची, तो ‘क्ष’ अक्ष. एक उभी रेष घ्यायची, तो ‘य’ अक्ष. मग प्रत्येक बिंदूला दोन आकड्यांचा पत्ता मिळतो. पहिला आकडा किती उजवीकडं ते सांगतो, दुसरा किती वर ते सांगतो.

समजा, एक रेष (२, ३) आणि (६, ५) या बिंदूंतून जाते. उजवीकडं किती सरकलो? ६ वजा २, म्हणजे ४. वर किती गेलो? ५ वजा ३, म्हणजे २. चढ २ भागिले ४, म्हणजे अर्धा. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं. ‘य’ मधला फरक भागिले ‘क्ष’ मधला फरक. त्याच रेषेवर (१०, ७) हा बिंदू आहे का? पहिल्या बिंदूपासून तो ८ पुढं आणि ४ वर आहे. चढ पुन्हा अर्धाच, म्हणजे बिंदू रेषेवरच आहे.

मुलांचे गुण इथं जातात ते एकाच कारणानं. वर ‘दुसऱ्यातून पहिला’ वजा करतात आणि खाली ‘पहिल्यातून दुसरा’. मग वर येतात २, खाली येतात उणे ४, आणि चढाचा उतार होऊन बसतो! कुठला बिंदू पहिला धरायचा याला बंधन नाही. पण एकदा धरला की वर आणि खाली तोच क्रम पाळायचा.

उणे चिन्हाला घाबरायचं कारण नाही. डावीकडून उजवीकडं जाताना रेष वर गेली तर चढ अधिक, खाली आली तर उणे. (१, ६) पासून (४, ०) पर्यंतची रेष ३ पुढं जाताना ६ खाली येते, म्हणून तिचा चढ उणे २. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला उतार म्हणतो, त्याला गणित ‘उणे चढ’ म्हणतं. आडवी रेष वरही जात नाही, खालीही येत नाही, म्हणून तिचा चढ शून्य. आणि ओळंब्यासारखी सरळ उभी रेष? ती पुढं सरकतच नाही. आडवं अंतर शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेला चढ नाही. ‘शून्य चढ’ आणि ‘चढ नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांना एकदा सपाट ओटा आणि भिंत दाखवून समजावलं की ती पुन्हा चुकत नाहीत.

लग्नाची बस आणि दोन रेषा

चढ म्हणजे फक्त उंचीच असं नाही. ‘याच्या एका पावलाला त्याचा किती बदल?’ असा प्रश्न जिथं जिथं येतो, तिथं तिथं चढ असतो. लग्नाच्या वऱ्हाडासाठी छोटी बस ठरवायची आहे असं धरा. पहिला बसवाला म्हणतो, ‘२००० रुपये ठरलेले, वर किलोमीटरला २० रुपये.’ दुसरा म्हणतो, ‘८०० रुपये ठरलेले, वर किलोमीटरला ३० रुपये.’ कोण स्वस्त?

चौकटीच्या कागदावर आडवे किलोमीटर आणि उभे रुपये मांडा. पहिल्याची रेष २००० वरून निघते आणि तिचा चढ २०. दुसऱ्याची ८०० वरून निघते, पण चढ ३०. सुरुवातीला दुसरी रेष खाली आहे, पण ती जास्त चढी आहे. दोघींमधलं अंतर १२०० रुपयांचं, आणि दुसरी दर किलोमीटरला १० रुपयांनी ते भरून काढते. म्हणजे १२० किलोमीटरला दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. तिथं दोघांचं भाडं ४४०० रुपये. जाऊन येऊन प्रवास १२० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर दुसरा घ्या, जास्त असेल तर पहिला. दोघांचा किलोमीटरचा दर सारखाच असता तर रेषा समांतर झाल्या असत्या, कधी भेटल्याच नसत्या. सारखा चढ म्हणजे समांतर रेषा, हे प्रमेय इथं आपोआप सिद्ध होतं! सुरुवातीचा आकडा बघून भुलायचं नाही, चढ विचारायचा, एवढं यातून घ्यावं.

बाळाच्या कार्डावरची रेष

आता शेवटची आणि सर्वांत मोलाची रेष. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात बाळाचं वजन घेतात आणि कार्डावरच्या आलेखावर एक ठिपका देतात. आडवं वय, उभं वजन. बहुतेक आया ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढं बघून कार्ड मिटून ठेवतात. पण या आलेखाचा खरा अर्थ ठिपक्यात नाही, दोन ठिपके जोडणाऱ्या रेषेत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली बाळांच्या वाढीची प्रमाणं प्रसिद्ध केली. त्यासाठी सहा देशांतल्या बाळांची मापं घेतली होती, त्यांत आपल्या दिल्लीतली बाळंही होती. त्या प्रमाणांनुसार मधल्या मुलग्याचं वजन जन्मत: ३.३ किलो, तीन महिन्यांना ६.४, सहा महिन्यांना ७.९, नऊ महिन्यांना ८.९ आणि वर्षाला ९.६ किलो असतं. चढ काढा. पहिल्या तीन महिन्यांत ३.१ किलो वाढ, म्हणजे महिन्याला एका किलोहून थोडी जास्त. सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला सुमारे ३३० ग्रॅम. नऊ ते बारा महिन्यांत सुमारे २३० ग्रॅम. चढ हळूहळू कमी होत जातो, म्हणून ही रेष सरळ नसून वळत जाणारी आहे. ‘पूर्वीसारखं वजन वाढत नाही हो’ म्हणून वर्षाच्या बाळाची आई काळजी करते, तेव्हा तिला हे सांगायला हवं.

आता दोन बाळं घेऊ. पहिलं गुटगुटीत. सहा महिन्यांना ७.९ किलो, आठ महिन्यांना ८ किलो. दुसरं बारीक चणीचं. सहा महिन्यांना ६.६ किलो, आठ महिन्यांना ७.३ किलो. दोघांचेही ठिपके हिरव्या पट्ट्यात आहेत. शेजारीपाजारी दुसऱ्या बाळाच्या आईलाच चार उपदेश करतील. पण चढ पाहा. पहिल्याची वाढ महिन्याला फक्त ५० ग्रॅम, रेष जवळजवळ आडवी झाली आहे. दुसऱ्याची महिन्याला ३५० ग्रॅम. काळजी पहिल्या बाळाची करायला हवी! वरचं अन्न नीट सुरू झालंय का, वारंवार जुलाब होतात का, अंगात ताप मुरतोय का, हे बघायला हवं. रेष आडवी होते तेव्हा बाळ अजून गुटगुटीतच दिसत असतं. डोळ्यांना अशक्तपणा दिसेपर्यंत पुष्कळ दिवस निघून जातात. चढ मात्र आधी सांगतो. सलग दोन महिने वजन वाढलं नाही किंवा रेष खाली वळली, तर बाळ कितीही हसतखेळत असलं तरी ते डॉक्टरांना दाखवावं.

एक मात्र सांभाळायचं. दोन वजनं एकाच काट्यावर, साधारण सारख्याच कपड्यांत घेतलेली असावीत. नाहीतर स्वेटरचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि रेष खोटं बोलते. मापं चुकीची असतील तर सूत्र कितीही बरोबर असून उपयोग नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

मुलांना बरोबर घेऊन एक उद्योग करा. ४ फूट लांबीची सरळ काठी घ्या आणि ओळखीच्या गवंड्याकडून किंवा सुताराकडून पाणसळ मागून आणा. तुमच्या इमारतीच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या किंवा शाळेच्या दारातल्या उतारावर काठीचं एक टोक टेकवा. दुसरं टोक उताराच्या खालच्या दिशेला धरून, पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत उचला. काठी आडवी झाली की तिच्या खालच्या बाजूच्या टोकापासून उतारापर्यंतची उभी फट मोजपट्टीनं मोजा. ४ फूट म्हणजे ४८ इंच. फट ४ इंच भरली तर चढ बरोबर १२ ला १. चार किंवा त्याहून कमी असेल तर उतार वापरण्याजोगा. आठ भरली तर ६ ला १, आणि बारा भरली तर ४ ला १. तिथं एकट्यानं खुर्ची नेणं धोक्याचं आहे, हे मुलांनी वहीत लिहावं.

मग तो आकडा मुलांच्याच हातानं सोसायटीच्या चिटणीसांना किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यायला लावा. ‘उतार फार कडक आहे हो’ या तक्रारीला ‘बघू’ असं उत्तर मिळतं. ‘चढ ४ ला १ आहे, तो १२ ला १ हवा, म्हणजे लांबी तिप्पट करावी लागेल’ असं म्हटलं, की समोरच्याला मोजपट्टी काढावीच लागते.